नखाएवढा माणूस

५ मार्च

भाऊजी,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. फोन वाजला की माणसाला घरात नसल्यासारखं करता येतं. पाकीट मात्र दाराखालून आत येऊन पडतं. निदान पायाखाली आलं म्हणजे उचलाल.

मी बरी आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी घ्यायचंच काम अजून. दिवसाला पन्नास-साठ माणसं फोन करून सांगतात की नळाला पाणी नाही, आणि अशा आवाजात सांगतात की जणू मीच चावी फिरवून ठेवलीय. मी म्हणते, "नोंद केली." परवा जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. ह्यांच्याबद्दल दोन शब्द बरे बोलल्या, डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नोंद केली."

लिफ्टच्या कंपनीतून ह्यांची हत्यारांची पेटी आली. अकरा महिन्यांनी जाग आली त्यांना. पाने, पक्कडी, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं, जागच्या जागी. मी पेटी उघडली आणि तशीच बंद केली.

मला एकच विचारायचंय. जो माणूस कुलूप लावून जिना उतरायचा आणि परत वर येऊन ते ओढून बघायचा, ज्याच्या पायी आमची दोन लग्नं आणि एक गाडी चुकली, तो त्या कुजक्या दगडावर उभा कसा राहिला? तुम्ही तेव्हा म्हणालात, "दगड निसटला, वहिनी." मी ऐकून घेतलं. पुढचं विचारायचं त्राण नव्हतं. आता थोडं आलंय.

दुसरं. ठकीनं माळ्यावरून ह्यांचे कड्यावरचे बूट काढलेत. तिला दोन नंबर मोठे होतात तर पुढे कापूस कोंबून घरात फिरते. म्हणते, मलाही चढायला शिकायचंय. एकोणीस वर्षांची घोडी, माझं ऐकत नाही. तुम्ही काका आहात, तुमचं ऐकेल. तिला नाही म्हणून सांगा. एवढं तरी कराल.

काम चालू आहे का तुमचं? जेवता का वेळेवर?

वहिनी


१९ मार्च

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. फोनचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. वाजतो तेव्हा मी समोरच बसलेला असतो.

दगडाचं विचारलंत. तो आतून कुजलेला होता. बाहेरून कळत नव्हतं. असे दगड असतात, दहा वर्षं भार घेतात आणि एक दिवस घेत नाहीत. याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

काम चालू आहे. दोन वर्षं काही होत नव्हतं हे तुम्हाला माहीत आहे. दादा गेल्यावर सुटलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. सहा फळ्या जोडून एक मोठा ठोकळा केला आहे, माझ्या खांद्यापर्यंत येतो. त्यात तो कडा कोरतो आहे, मग शाई लावून त्याचं चित्र कागदावर छापायचं. सप्टेंबरात प्रदर्शन आहे.

लोक विचारतात, तुम्ही कडेच का कोरता. मी नीट उत्तर देत नाही. तुम्हाला सांगतो. मी सोळा वर्षांचा होतो, शाळेतून नाव काढलेलं, घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. दादानं मला पहिल्यांदा कड्याला नेऊन उभं केलं. म्हणाला, "डोळे मीट आणि हातानं बघ." मी बोटांनी दगड चाचपत गेलो. कुठे खाच आहे, कुठे धार आहे, कुठे नुसता गुळगुळीत नकार आहे. संध्याकाळी बोटं सोलवटली होती, पण डोक्यात शांत होतं. पुढे लाकडाला पटाशी लावली तेव्हा तेच वाटलं. लाकडातही रेषा शोधत जावं लागतं, जोर केला की फुटतं. मला चित्रकार व्हायचं नव्हतं. कड्यावरून घरी परतल्यावर हातांना जे करायचं उरायचं, ते मी लाकडात करत गेलो. बस, एवढीच माझी कला.

दादा गेल्यापासून कड्यावर मात्र गेलेलो नाही. ठकीला लिहितो.

धाकटा


२ एप्रिल

भाऊजी,

ठकीला तुमचं पत्र आलं. मी तिला म्हटलं, वाच मोठ्यानं. तिनं वाचलं. "आई काळजी करते, तेव्हा जपून" ही एक ओळ, आणि पुढे तीन पानं बोटांना पट्टी कशी गुंडाळायची, पायाचा कोणता भाग टेकवायचा, दम कुठे घ्यायचा. आकृत्यांसकट. शाबास. दारू सोड म्हणून सांगायला मी दारुड्यालाच पाठवलं, चूक माझीच.

ती आता चढणं शिकायला एका जुन्या गोदामात जाते. तिथे आत लाकडाची भिंत उभी केलीय, तिला रंगीत गोळे ठोकलेत, खाली गाद्या. गाद्या आहेत म्हणून मी गप्प बसलेय.

तुमचं ते लाकडाचं आणि दगडाचं मी दोनदा वाचलं. ह्यांना वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही त्यांच्याशी असं कधी बोललात का? मला नाही वाटत. दोघं भाऊ सबंध रविवार एका दोराला बांधलेले असायचात आणि परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात, तर हे म्हणायचे, "तो म्हणाला ओढ, मी म्हणालो थांब."

तुमच्या प्रत्येक प्रदर्शनाचं कार्ड ते हत्यारांच्या पेटीत ठेवायचे. ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला जात तिथल्या वॉचमनला दाखवायचे. "माझ्या भावाचं चित्र. हा कड्यावर नखाएवढा माणूस दिसतो ना, तो मी." वॉचमन म्हणायचे, यात तर काही ओळखू येत नाही. हे म्हणायचे, "मला येतं ना."

मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला नेहमी एवढंसं का काढतो हो तो? तर म्हणाले, "माणूस लहान काढला की कडा मोठा दिसतो. तेवढ्यासाठीच लागतो मी." आणि खूश होते त्यावर.

दगडाचं तुम्ही लिहिलंत. ठीक आहे. तुम्ही नसाल सांगत तर मी तरी किती खोदू.

येत्या अठरा तारखेला वर्ष होईल. तुम्ही यावं असं मला वाटतं. आला नाहीत तर जबरदस्ती नाही.

वहिनी


१४ ऑगस्ट

वहिनी,

अठराला आलो नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. औषधाच्या दुकानाशी अर्धा तास उभा राहिलो आणि परतलो. त्यानंतर लिहायला चार महिने गेले.

सोबत प्रदर्शनाचं कार्ड आहे. वरचं चित्र म्हणजे तो मोठा ठोकळा. चारदा छापला तेव्हा जमला. शाई जास्त झाली की बारीक रेषा बुजतात, कमी झाली की कडा राखेसारखा दिसतो.

तुम्ही येऊ नका. म्हणजे यायलाच हवं असं नाही. खूप गर्दी असते आणि बसायला जागा नसते.

ठकीला आशीर्वाद.

धाकटा


२६ ऑगस्ट

भाऊजी,

कार्ड मिळालं. मी ते टेबलावर ठेवून कामाला गेले. परत आले तर ठकी त्याच्यापुढे बसलेली. दिवा लावलेला नाही, काही खाल्लेलं नाही.

म्हणाली, "आई, हे बाबा आहेत ना?"

मी म्हटलं, "असणारच. काकाच्या चित्रात दुसरं कोण असतं?"

"मग ते इकडे तोंड करून का उभे आहेत?"

मला कळेना. तिनं मला भिंतीशी नेऊन उभं केलं, माझे हात वर धरून भिंतीला टेकवले. म्हणाली, "चढणारा माणूस असा असतो. नाक दगडाला. त्याची पाठ दिसते. काकांच्या सगळ्या चित्रांत बाबांची पाठच आहे, मी काढून बघितली सगळी कार्डं. ह्या एकाच चित्रात ते वळलेत. दोन्ही हात खाली सोडलेत. असं माणूस फोटो काढून घ्यायला उभं राहतं."

भाऊजी, पाच महिने गाद्यांवर पडून पोरगी हे शिकली. आणि मी वर्षभर ह्याच प्रश्नाभोवती फिरतेय, मला दिसलं नव्हतं.

तुम्ही खालून दोर धरून होतात. ते तुमच्याकडे तोंड करून उभे होते. का?

खोटं लिहायचं असेल तर लिहूच नका. 'दगड कुजका होता' हे परत लिहिलंत तर मी पाकीट न उघडता परत पाठवीन.

वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

आता लिहितो ते सगळं खरं आहे. ठकीलाही वाचू द्या, तिनंच पकडलं.

ती दोन वर्षं माझं काही होत नव्हतं. पटाशी हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो. मला वाटायला लागलं होतं की कड्याचं जे मला कळायचं ते कळून संपलं, आता मी माझीच नक्कल करतोय. तुम्ही मला जेवायला बोलवायचात आणि मी काही तरी कारण काढायचो, तो हाच काळ.

त्या दिवशी साडेनऊला आम्ही पायथ्याशी पोचलो. दादा दगडात मेखा ठोकून त्यांत दोर अडकवत पुढे चढला, मी खालून दोर सोडत होतो. तो साधारण तीन मजल्यांइतका वर असताना उन्हाची तिरीप कड्यावर आली. वहिनी, मी तो कडा पंचवीस वर्षं पाहतोय, असा कधी दिसला नव्हता. प्रत्येक चीर वेगळी उभी राहिली. मला वाटलं, हेच. हे गेलं तर परत मिळणार नाही.

दादाच्या डावीकडे एक दगड ओठासारखा पुढे आलेला होता. तिथे माणूस उभा असता तर सगळं चित्र जुळत होतं. मी ओरडून म्हणालो, "दादा, डावीकडच्या त्या ओठावर जा. आणि इकडे वळून उभा राहा."

तो गेला. पाय टाकण्याआधी टाचेनं ठोकलं. म्हणाला, "पोकळ वाजतोय रे हा."

मी म्हणालो, "पाचच मिनिटं."

त्यानं एकदा दगडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उभा राहिला.

मला दोन्ही हात मोकळे हवे होते, वही धरायला आणि काढायला. म्हणून मी दोर झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन अडकवला. घाईत त्यात आठ-दहा हात ढील राहिली. मला ती दिसत होती. मी म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "झालं का?"

मी म्हणालो, "थांब जरा."

परत विचारलं, "झालं का रे?" मी उत्तर दिलं नाही. माझं खांद्याचं वळण चुकत होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. दगड आधी गेला, मग तो. दोर माझ्या हातात असता तर हातभर खाली येऊन तो लटकला असता, मला शिव्या दिल्या असत्या. ढील संपेपर्यंत तो खाली आला आणि मग झोका घेऊन कोपऱ्यावर आपटला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चौकशीला आलेल्यांना मी सांगितलं की दोर हातातून सरकला. त्यांनी तेच लिहून घेतलं.

आता सगळ्यात वाईट. ते रेखाटन मी फाडलं नाही. महिन्याभरानं वही उघडली, आणि मला आधी ते चांगलं आहे हे दिसलं. तो त्यात आहे हे नंतर. त्याच रेखाटनावरून मी तो ठोकळा कोरला. माझ्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. मी रडत कोरलं असं तुम्हाला वाटेल. नाही. कोरताना मी सुखात होतो. सकाळी उठून कधी एकदा त्याच्यापुढे बसतो असं व्हायचं. माझी भूक त्याच्याबरोबर मेली असती तर मी स्वतःला थोडी दया दाखवली असती.

प्रदर्शन बाराला उघडतं. तुम्ही सांगाल तर चित्र उतरवतो आणि ठोकळा करवतीनं कापून टाकतो. तुमच्या उत्तराची वाट बघतो.

धाकटा


३० नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही उत्तराची वाट बघितली असेल. मी मुद्दाम दिलं नाही. 'काप' म्हटलं असतं तर तुम्ही कापून मोकळे झाला असतात. 'राहू दे' म्हटलं असतं तरी मोकळेच. मला तुम्हाला मोकळं करायचं नव्हतं.

मी प्रदर्शनाला आले होते. चौथ्या दिवशी, दुपारी, अर्धी रजा टाकून. तुम्ही आतल्या खोलीत कुणाला तरी रुळानं शाई कशी लावतात ते समजावत होतात, आवाज ऐकू येत होता. मी चित्रापुढे उभी राहिले. एक नवरा-बायको आले. तो म्हणाला, "केवढा कडा आहे." ती म्हणाली, "आणि तो माणूस बघ केवढासा." मग ते पुढच्या चित्राकडे गेले. त्यांनी काही वाईट केलं नाही. पण मला त्यांना धरून परत आणावंसं वाटलं.

चित्र चांगलं आहे. मला चित्रातलं कळत नाही, तरी एवढं कळलं. ते वाईट असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता माझं ऐका. हे मी ठकीलाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी हे निघत नव्हते. खुर्चीत बसून म्हणाले, "आज अंगात कणकण आहे, त्याला फोन करून नाही म्हणतो." मी म्हटलं, "जा हो. दोन वर्षं झाली, त्याच्या हातून काही होत नाही. तुम्ही गेलात की त्याला हुरूप येतो." ते उठले, बूट घातले. मी दारात उभी राहून आणखी म्हणाले, "आणि आज तो म्हणेल तसं करा. सतरा वेळा ठोकून बघत बसू नका. त्याचा उजेड निघून जातो." मागे एकदा तुम्हीच जेवताना कुरकुर केली होती ना, दादा ठोकत बसतो आणि माझा उजेड जातो म्हणून. ते मी लक्षात ठेवलं होतं.

ते हसले. म्हणाले, "बरं, आज एकदाच बघतो."

तुमच्या पत्रात टाचेनं ठोकलं तिथपर्यंत मी वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. एकदाच बघितलं त्यांनी. शब्दाला जागले.

मार्चात मी तुम्हाला विचारलं की असा माणूस तिथे उभा कसा राहिला. मला अर्धं उत्तर आधीच माहीत होतं. उरलेलं अर्धं तुमच्याकडून काढून घ्यायचं होतं, म्हणजे सगळंच तुमच्या गळ्यात घालता आलं असतं. ते काही जमलं नाही.

माफ केलं, असं मी लिहिणार नाही. तसं वाटत नाही, आणि मला कुणी केलेलंही नाही. ठकीनं तुमचं पत्र वाचलं, माझं हे सगळं ऐकलं. माझ्याशी बोलते, कामापुरतं. तुमचं नाव काढत नाही. गोदामात जायची थांबलेली नाही. दोराचं दुसरं टोक कोण धरतं, ते मात्र आता मला रोज नाव घेऊन सांगते.

एक मागते. तुम्ही पंचवीस वर्षं त्यांना नखाएवढं काढलंत, कडा मोठा दिसावा म्हणून. मला त्यांचा चेहरा हवाय. पूर्ण ठोकळाभर. मागे दगड नको, झाड नको, काही नको. ह्या वेळी नुसते तेच.

फोटो पाठवणार नाही. तुम्ही त्यांचे भाऊ होतात.

वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

त्या सकाळचं तुम्ही लिहिलंत ते वाचलं. तुमचा त्यात काही दोष नाही असं लिहायला घेतलं होतं. मग लक्षात आलं की तुम्ही माझ्याबद्दल तसं लिहिलेलं नाही, आणि बरोबर केलंत. म्हणून मीही लिहीत नाही.

ते चित्र विकलं नाही. दोघांनी विचारलं होतं. ठोकळा कापलेला नाही, कोपऱ्यात आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चेहऱ्याचं काम करतोय. सहा फळ्या वाया गेल्या. आधी वाटलं लाकूड ओलं आहे, मग वाटलं पटाशीची धार गेली आहे. आता खरं कारण सांगतो. मला त्याचा चेहरा येत नाही.

कडा मला डोळे मिटून येतो. दादाच्या बुटांचे तळवे येतात. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली, उजव्या तळव्याला आडवा चर. पोटऱ्या येतात. पाठीवर घामाचा डाग कुठून सुरू व्हायचा ते येतं. मी आयुष्यभर त्याला खालून पाहिलं. घरी जेवायला बसलो की मी ताटाकडे बघायचो, नाहीतर खिडकीबाहेर. बाकीच्या वेळी त्याचा चेहरा सतत समोर होता, म्हणून कधी पाहिला नाही.

कपाट उघडून जुने फोटो काढले होते. तुम्ही फोटो नाही म्हणालात ते आठवलं आणि परत ठेवले. एकदा मात्र पाहिला. त्यावरून कोरला तर कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो वाटला.

तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, त्या पाच मिनिटांत मी त्याच्याकडे टक लावून पाहत होतो. पण मी खांदे बघत होतो, पायांतलं अंतर बघत होतो, सावली कुठे पडते ते बघत होतो. वहीत त्या जागी कोरा गोल आहे. तो माझ्याकडे बघत होता एवढं आठवतं. कसा बघत होता, रागावला होता, कंटाळला होता, घाबरला होता, की नुसता माझं होईपर्यंत थांबला होता, ते आठवत नाही.

तुम्ही मागितलेली एक गोष्ट मला जमत नाही. काय करू ते सांगा.

धाकटा


८ फेब्रुवारी

भाऊजी,

लिहून घ्या.

कपाळ रुंद, केस मागे गेलेले, उजवीकडे जास्त. डावी भुवई मधोमध तुटलेली. लिफ्टच्या दाराची स्प्रिंग उडून लागली होती, तीन टाके पडले, तिथे परत केस आले नाहीत. दोन भुवयांमध्ये उभी आठी एकच, दोन नाहीत. ती काही तपासताना पडायची आणि रविवारी तुमच्याकडून आल्यावर नसायची.

नाक सरळ, पण टोकाला किंचित डावीकडे. लहानपणी तुम्हीच पाट फेकून मारला होतात म्हणे. हे तरी आठवत असेल.

कान मोठे. डावा उजव्याहून खाली. चष्मा त्यामुळे कायम तिरका बसायचा आणि ते बोटानं वर करायचे, चष्मा नसतानाही. गालांवर खड्डे नाहीत, पण जबड्याखाली उजव्या बाजूला दाढी नेहमी राहून जायची. न्हाणीघरातला दिवा डावीकडे आहे. मी किती वर्षं म्हणत होते, आरसा हलवा. परवा मी तो हलवला. का हलवला माहीत नाही.

वरचा ओठ पातळ, खालचा जाड. समोरचा बोलत असला की खालचा ओठ डाव्या बाजूनं दातात धरायचे. म्हणजे ते ऐकत असायचे. लोकांना वाटायचं चिडलेत. हनुवटी माझ्या सासूबाईंची, तुमचीही तीच आहे, आरशात बघा.

मी हे टेबलावर बसून लिहीत होते. ठकी मागून आली, खांद्यावरून वाचत उभी राहिली. मला वाटलं कागद ओढून घेते की काय. मग म्हणाली, "लिही, हसायच्या आधी त्यांच्या नाकपुड्या फुलायच्या. हसू मागून यायचं." आणि आत गेली. तुमच्यासाठी काही निरोप दिला नाही. पण हे तिनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

गळ्याची घाटी मोठी. मानेवर मागे तीळ आहे, तो समोरून दिसणार नाही, तरी तुम्हाला माहीत असू द्या.

डोळ्यांचं काय लिहू. तपकिरी होते. माझ्याकडे कसे बघायचे ते मला माहीत आहे, पण ते माझं आहे, ते तुमच्या ठोकळ्यात कसं येईल? शेवटी ते तुमच्याकडे बघत होते. ते इथे कुणी सांगू शकत नाही.

बाकीचं सगळं कोरून घ्या. डोळ्यांची जागा सोडा, आठवेपर्यंत तिथे पटाशी लावू नका. मला घाई नाही.

वहिनी